ऑनलाइन घेतलेली ‘फुल सर्व्हिस’ एचएमटी जनता: घड्याळ कसं निघालं, परत कसं गेलं

विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही. असे विक्रेते ढिगाने आहेत आणि जाहिरात सगळ्यांची जवळपास एकाच साच्यातली. एचएमटी जनता, चावीचं, १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक दगड), पांढरी डायल, देवनागरी आकडे, ‘फुल सर्व्हिस केलेलं, डायल ओरिजिनल, ७ दिवसांत परत’. किंमत १,९५० रुपये, जळगावात घरपोच. पॅकिंग चांगलं, केसला पॉलिश झकास, पट्टा ठीकठाक. सर्व्हिसचा दावा खोटा, डायलचा दावाही खोटा. पैसे परत मिळाले, पण घासाघीस करून. पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक फक्त पॅकिंगचा.

आधी सर्व्हिसचं बघू, कारण पुरावा विक्रेत्याने स्वतःच दिला होता. जाहिरातीत टाइमग्राफरचा फोटो होता. टाइमग्राफर म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची तब्येत सांगणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर तीन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला रेट, म्हणजे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाईल. दुसरा अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स, मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, किती अंशांचा झोका घेतंय. तिसरा बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं आहे की नाही, हे मिलिसेकंदात. फोटोत रेट होता अधिक ४ सेकंद. गिऱ्हाईक तेवढाच बघतं आणि खूश होतं. शेजारी अ‍ॅम्प्लिट्यूड होता १९२ आणि बीट एरर २.८.

नुकतंच धुऊन तेल दिलेलं, पूर्ण चावी भरलेलं मशीन डायल वर करून ठेवलं तर २७० ते ३०० अंश झोका घेतं. जुन्या एचएमटीत २५० मिळाले तरी तक्रार नाही. पूर्ण चावीवर २०० च्या खाली म्हणजे तेल सुकलंय, मळ बसलाय किंवा चावीने भरली जाणारी मोठी स्प्रिंग दमलीय. यांतलं काहीही असलं तरी सर्व्हिस झालेली नाही. बीट एरर १ च्या आत हवा, जुन्या घड्याळाला दीडपर्यंत चालवून घेऊ. २.८ म्हणजे त्याकडे कुणी बघितलेलंच नाही. मग रेट इतका गोंडस कसा? बॅलन्सच्या वरच्या पट्टीवर एक छोटी दांडी असते, रेग्युलेटर. ती इकडे-तिकडे सरकवली की हेअरस्प्रिंगची (बॅलन्सला झुलवणारी केसासारखी स्प्रिंग) कामाची लांबी कमी-जास्त होते आणि घड्याळ पुढे किंवा मागे जातं. आजारी घड्याळसुद्धा एका स्थितीत, एका क्षणी अधिक ४ वर आणता येतं. फोटो तेव्हाच काढायचा.

एक बारकावा. अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा यंत्रात भरलेल्या लिफ्ट अँगलवर, म्हणजे एका धक्क्यात बॅलन्स जितके अंश फिरतं त्यावर, अवलंबून असतो. बहुतेक यंत्रं सुरुवातीला ५२ अंश धरतात. सेइकोच्या एनएच३५ मशीनला तो ५३ लागतो, मियोटाच्या ८२१५ मशीनला ४९. दोन-तीन अंशांची चूक झाली तर अ‍ॅम्प्लिट्यूड दहा-पंधरा अंशांनी इकडे-तिकडे दिसेल, त्याने १९२ चे २७० होत नाहीत. रेट आणि बीट एररला लिफ्ट अँगलशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे ‘सेटिंग चुकलं असेल’ हे विक्रेत्याचं उत्तर ग्राह्य धरू नका.

घरी आल्यावर घड्याळाने जे केलं ते त्या १९२ ला शोभेल असंच. टेबलावर डायल वर करून ठेवलं तर दिवसाला सहा-सात सेकंद पुढे. चावी खाली करून उभं ठेवलं तर दिवसाला सव्वादोन मिनिटं मागे. पूर्ण चावी भरून २२ तासांत बंद. चांगल्या चावीच्या घड्याळाने दीड दिवस तरी चालायलाच हवं, म्हणजे सकाळी चावी द्यायला तासभर उशीर झाला तरी फरक पडत नाही. उभं-आडवं यात इतका फरक का? आडवं असताना बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे त्याचा बारीक आस, एका टोकावर उभा असतो आणि घर्षण नाममात्र असतं. उभं केलं की स्टाफच्या दोन्ही टोकांच्या कडा ज्वेलमध्ये घासतात, झोका आणखी घटतो आणि चाकाच्या वजनातला बारीकसा असमतोलही ठळक दिसायला लागतो. मनगटावर घड्याळ दिवसभर उभं-आडवं होत राहतं, म्हणून एका स्थितीतला आकडा कुचकामी.

टाइमग्राफर नसला तरी हे सगळं घरी कळतं. मात्र पार्सल आल्या दिवसापासून सुरुवात करायची, कारण सात दिवस बघता बघता जातात. चावी अडेपर्यंत द्या, अडल्यावर जोर करू नका. सेकंद काटा बारावर आला की मोबाईलवरची नेमकी वेळ लिहून ठेवा. पहिला दिवस डायल वर, दुसरा दिवस चावी खाली, रोज त्याच वेळी चावी. तिसऱ्या दिवशी चावी न देता, आदल्या चावीपासून एकूण किती तास चालतं ते बघा. डायल वर आणि चावी खाली यांत तीस-चाळीस सेकंदांचा फरक जुन्या घड्याळात खपतो, दोन मिनिटांचा नाही. मोबाईलवर टिकटिक ऐकून रेट सांगणारी अ‍ॅप मिळतात. इअरफोनचा माइक घड्याळाच्या ढक्कनाला चिकटवून शांत खोलीत, पंखा बंद करून मोजा. रेट आणि बीट एरर ती बऱ्यापैकी सांगतात, अ‍ॅम्प्लिट्यूडवर फार विसंबू नका.

बंद पडलेल्या घड्याळाला दोन-तीन फेरे चावी द्या. निरोगी घड्याळ आपोआप चालू होतं. हलवल्याशिवाय जागं होत नसेल तर बीट एरर मोठा आहे किंवा मळ आहे. दुसरं, काटे चावीने फिरवताना हाताला थोडा विरोध जाणवला पाहिजे. लोण्यातून फिरल्यासारखे फिरले तर कॅनन पिनियन, म्हणजे मिनिट काटा ज्यावर बसतो ती नळी, ढिला. अशा घड्याळाचा सेकंद काटा अगदी नियमित चालतो, अ‍ॅपवर रेटही छान येतो, पण मिनिट काटा दिवसात पंधरा-वीस मिनिटं मागे राहतो. हे लक्षण बरेच लोक ‘घड्याळ स्लो आहे’ म्हणून सांगतात आणि विक्रेता रेटचा फोटो पाठवून त्यांना गप्प करतो. तिसरं, रोज एकाच वेळेला, विशेषतः काटे एकमेकांवर येतात तेव्हा घड्याळ थांबत असेल तर टॉर्च मारून बाजूने बघा. काटे एकमेकांना किंवा काचेला घासत असतील. आणि फक्त एकाच बाजूला चालतं, उलटं केलं की बंद, असं असेल तर कुरिअरमध्ये आपटून स्टाफ गेला असण्याची शंका घ्यावी. पॅराशॉक, म्हणजे स्टाफला धक्क्यापासून वाचवणारी योजना, असलं तरी ते अभेद्य नसतं.

घड्याळ एकदम चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलं तर परतीच्या भानगडीत पडण्याआधी होकायंत्र जवळ धरा. सुई घड्याळाभोवती फिरली तर हेअरस्प्रिंगला चुंबक लागलंय, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळतं. मोबाईलच्या कव्हरचं चुंबक, स्पीकर, फ्रिजचं दार, एवढं पुरेसं असतं. डीमॅग्नेटायझर स्वस्तात मिळतो. बटण दाबायचं, घड्याळ त्यावरून हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मग बटण सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर चुंबक जाण्याऐवजी बसतं. होकायंत्र हललं नाही आणि तरीही घड्याळ पळतंय, तर बहुधा हेअरस्प्रिंगवर तेल उडालेलं असतं. हे जास्त तेल ओतणाऱ्या कारागिराचं काम.

उलट बाजूने काही तक्रारी निराधारही असतात, तेही सांगितलं पाहिजे. सेइको ५ मधलं ७एस२६ मशीन हाताने चावी घेतच नाही, आणि वेळ लावताना त्याचा सेकंद काटाही थांबत नाही. ते मुळातच तसं आहे. एनएच३५ मध्ये दोन्ही सोयी आहेत. या दोन्ही मशीनला दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंद ही कंपनीचीच मर्यादा आहे, त्यामुळे तीस सेकंद पुढे जातं म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायची नाही. त्या वेळी तारखेच्या चाकाचे दात गुंतलेले असतात आणि जबरदस्ती केली की मोडतात. मग दोष विक्रेत्याचा राहत नाही. जनताला तारीखच नाही, ती कटकट वाचली.

आता डायल. सर्व्हिस न झालेलं घड्याळ चांगलं करता येतं, रंगवलेली डायल पुन्हा मूळ करता येत नाही. म्हणून माझ्या लेखी मोठा अपराध हा. दहापट आयग्लास लावून बघितलं की फार वेळ लागत नाही. ४ आणि ९ यांच्या वेढ्यांत शाई भरून ते जवळजवळ बुजलेले. अक्षरांच्या शिरोरेषा कुठे जाड, कुठे तुटक. मिनिटांच्या रेघा बाराजवळ आकड्याच्या बरोबर समोर, पण चार वाजण्याच्या जागी येईपर्यंत अर्ध्या रेघेने सरकलेल्या. कारखान्यात छापलेल्या डायलवर ही गल्लत होत नाही, हाताने बनवलेल्या पॅडवरून पुन्हा छापताना होते. शिवाय डायल इतकी शुभ्र की काट्यांवरचं वय आणि डायलचं वय जुळत नव्हतं. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तेव्हापासून जुन्या एचएमटीला भाव आला आणि नव्याने रंगवलेल्या डायलींचं पीकही. झगमगीत नारिंगी, पोपटी, जांभळ्या डायलची ‘जनता’ दिसली तर पुढे वाचायचंही कारण नाही. रंगवलेली डायल वाईटच असं नाही, ज्याला घालून मिरवायचंय त्याने खुशाल घ्यावी, पण जाहिरातीत ‘रीडायल’ असं लिहायला पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे हवी.

मग उघडून बघायचं का? मुदतीत असेपर्यंत नाही. ढक्कनावर नवा ओरखडा दिसला की ‘तुम्ही उघडलं, आमची जबाबदारी संपली’ हे उत्तर तयार असतं. जळगावात फुले मार्केटकडे, धुळ्यात आग्रा रोडला चौकशी केलीत तर जुने घड्याळजी अजून सापडतात. त्यांना न उघडता दाखवा. कान लावून आणि चावी फिरवून त्यांना बरंच कळतं. या घड्याळाबद्दल एका कारागिराचं मत एका वाक्यात आलं: “मशीन धुयेल नही शे, नुसती पॉलिश मारेल शे.” (मशीन धुतलेलं नाही, नुसतं पॉलिश मारलंय.) टाइमग्राफरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी सांगितलं तेच.

खरी सर्व्हिस म्हणजे काय, हे माहीत असेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारता येतात. मशीन पूर्ण सुटं करायचं, सगळे भाग धुवायचे, ज्वेलची भोकं टोकदार काडीने साफ करायची, मोठी स्प्रिंग ड्रममधून काढून बघायची. काढून ठेवल्यावर ती ऐसपैस उलगडली पाहिजे, तशीच गुंडाळलेली राहिली तर बदलायची. मग तेल. बॅलन्सच्या ज्वेलना आणि जलद फिरणाऱ्या चाकांना मोबियस ९०१० सारखं पातळ, हळू फिरणाऱ्या जाड भागांना घट्ट, चावीच्या भागांना ग्रीस. चाकांच्या दातांना तेल द्यायचं नाही, पॅलेटच्या (बॅलन्सला धक्का देणारी दांडी) आसाच्या टोकांनाही सहसा नाही. शिलाई मशीनचं तेल घातलं तर दोन महिने घड्याळ टुणटुणीत वाटतं, मग तेल पसरतं, त्यात धूळ बसते आणि मलम होतं. आपल्याकडची धूळ आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा बघता हे लवकरच होतं. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेलं घड्याळ किती तापतं ते सांगायला नको. ढक्कनाचं रबर वाळलेलं असेल तर तेही बदलून घ्यावं, नाहीतर उन्हातून आल्यावर गार पाण्याने हात धुतले की काचेखाली वाफ धरते.

विक्रेत्याच्या वागण्याकडे वळू. उत्तर २४ तासांत आलं, त्याबद्दल गुण. पण उत्तर होतं, ‘दोन-चार दिवस घालून बघा, सेट होईल.’ ऑटोमॅटिक घड्याळ मनगटावर नीट भरलेलं नसेल तर या सल्ल्यात थोडं तथ्य असतं. चावीचं घड्याळ अडेपर्यंत भरल्यावर त्यात सेट होण्यासारखं काही उरत नाही. या सल्ल्याचा खरा उपयोग परतीची मुदत उलटवण्यासाठी. दुसरं उत्तर, ‘जुनं घड्याळ आहे, मागेपुढे होणारच.’ होईल, पण मग ‘फुल सर्व्हिस’ लिहू नका. तिसरं, ‘तुमच्याकडे पडलं असेल.’ याला तोड म्हणजे न कापलेला व्हिडिओ: पार्सलवरचं लेबल, सील, ढक्कन, डायल, चालणारा सेकंद काटा आणि शेजारी वेळ दाखवणारा दुसरा मोबाईल, सगळं एकाच फ्रेममध्ये.

तक्रार फोनवर करू नका, लिहून करा आणि विशेषणं टाळा. एवढं पुरतं: “जाहिरातीत ‘फुल सर्व्हिस’ आणि ‘ओरिजिनल डायल’ लिहिले आहे. पूर्ण चावीवर घड्याळ २२ तास चालते. डायल वर व चावी खाली या स्थितींत सव्वादोन मिनिटांहून अधिक फरक आहे. आपल्याच फोटोत अ‍ॅम्प्लिट्यूड १९२ आहे. डायल पुन्हा छापलेली आहे, जवळचे फोटो जोडले आहेत. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याने पूर्ण रक्कम व परत पाठवण्याचा खर्च द्यावा.” हे गेल्यावर सूर बदलला. पूर्ण किंमत परत आली, परत पाठवायचा खर्च मात्र दिला नाही. तो तारा तिथे कापला.

परत पाठवताना खानदेशात एक अडचण ठरलेली. शहरात कुरिअरवाला घरून पार्सल नेतो, पण चोपडा, शहादा, शिरपूरच्या आतल्या गावांचा पिनकोड टाकला की ‘स्वतः पाठवा’ असा संदेश येऊ शकतो. घेण्याआधीच हे विचारून ठेवा. स्वतः पाठवायचं तर स्पीड पोस्ट, विमा उतरवून, पावती जपून. घड्याळ आधी फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये, मग छोट्या डब्यात, तो डबा मोठ्या डब्यात आणि मधली जागा कागदाने गच्च. पॅक करतानाचा व्हिडिओ इथेही काढाच.

विक्रेता ऐकत नसेल तर कायदा बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘मेकॅनिकलला रिटर्न नाही’ ही पाटी त्यापुढे टिकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची असते. मोठ्या प्लॅटफॉर्मवरून घेतलं असेल तर तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता मुंबई-दिल्लीचा असला तरी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला दाखल होते. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. मात्र एखाद्याने आपलं स्वतःचं एकच जुनं घड्याळ ग्रुपवर विकलं असेल तर ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत. तिथे यूपीआयने आधी पैसे देणं म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

मधला एक प्रस्ताव हमखास येतो: ‘घड्याळ ठेवा, चारशे रुपये परत देतो.’ इथेही आला होता. डायल खरोखर मूळ असेल, स्टाफ शाबूत असेल आणि गावातल्या कारागिराने सर्व्हिसचे जेवढे सांगितले तेवढे विक्रेता परत देत असेल तर घ्यावा. चांगली मूळ डायल मिळणं सर्व्हिसपेक्षा अवघड असतं. कारागिराकडून आकडा आधी घ्या, स्प्रिंग बदलावी लागली तर किती हेही विचारा आणि ती रक्कम मागा. डायल रंगवलेली निघाली तर चारशे काय नि आठशे काय, परतच पाठवा.